भिंतीची बाहेरची बाजू

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी केवळ रंगावरून केलेली नाही. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली की चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या घरांची माती यांचे थर साचत जातात आणि तिथली जमीन भुरकट पांढरी होते. नेवासे, पैठण, तेर येथे जुन्या वस्तीचा शोध घेणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना अशीच पांढरीची टेकाडे खुणेची वाटली. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. पांढरी तशी फुगत नाही, चोपली की घट्ट बसते. म्हणून मराठवाड्यातल्या गढ्या काय किंवा माळवदे काय, उभी राहिली ती पांढरीतून. पडलेल्या घराच्या मातीतून नवे घर, असा हा क्रम शतकानुशतके चालत आला.

आमचे उमापूरचे घर या क्रमातले बहुधा शेवटचे. गेवराई तालुक्यात, गोदेच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात आमचे गाव आहे. निजामाची राजवट १९४८ साली संपली, त्यानंतरच्या काही वर्षांत आजोबांनी हे पाच खणांचे माळवद बांधले. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर किती मोठे हे चौरस फुटांत सांगण्याची पद्धत अलीकडची, पूर्वी खणांत सांगत. जोते दगडी, त्यावर पांढरीच्या मातीची जवळजवळ दोन हात रुंद भिंत. आत सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. ढाळज, ओसरी, माजघर, धान्याचे बळद, उजेडासाठी माळवदाला ठेवलेले सवणे. या शब्दांतले निम्मे शब्द मला वर्गात फळ्यावर लिहून समजावून द्यावे लागतात. ग्रामीण साहित्य शिकवणाऱ्या माणसाचे अर्धे काम आता कोशकाराचे झाले आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तिच्यात गोदाकाठच्या कितीतरी गावांत पाणी शिरले, पिके खरडून गेली आणि मातीच्या भिंती पडल्या. आमची भिंत पडली नाही. परंतु पश्चिमेकडच्या अंगाचा बाहेरचा लेप मोठमोठ्या पोपड्यांनी सुटून खाली आला आणि आतली माती उघडी पडली. आमच्याकडे पावसाचा मारा त्याच अंगाने येतो. वर्षाकाठी सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखासाठी बांधलेली ही भिंत. तिच्यावर काही दिवसांतच त्यातला मोठा भाग ओतला गेला. दिवाळीनंतर घरात एकच विषय होता: बाहेरच्या बाजूचे काय करायचे?

मते चार होती. थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, म्हणणे असे की जाळी ठोकावी, सिमेंटचे प्लास्टर करावे आणि रस्त्याकडच्या दर्शनी भागाला टाइल्स लावाव्यात. एकदा खर्च झाला की पुढची वीस वर्षे बघायला नको. पुतण्याचे म्हणणे त्याहून सोपे: सगळे पाडा आणि स्लॅब टाका. माझा कल मातीचा लेप पुन्हा द्यावा याकडे होता. आईने आपले मत लगेच सांगितले नाही.

दादाच्या मतात वरवर पाहता चूक काही नाही. गावात निम्म्याहून अधिक घरांनी हेच केले आहे. पण मातीच्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला की काय होते, हे त्याच गावात फिरून पाहता येते. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि दोन्ही अंगांनी ती हवेत सोडत राहते. जुने लोक भिंत 'घामेजली' म्हणत. बाहेरून सिमेंट बसले की ओलीची वाट बंद होते. ती थराच्या मागे साठते, भिंतीचा पाया मऊ पडतो. शिवाय दोन्ही पदार्थ उन्हाने सारखे तापत नाहीत, सारखे ताणत नाहीत. चार-सहा वर्षांत सिमेंटचा पापुद्रा पोकळ वाजू लागतो आणि एका पावसाळ्यात अख्खा सुटतो, तोही जाता जाता भिंतीची वीतभर माती बरोबर घेऊन. त्यावर पुन्हा सिमेंट. गावातल्या मिस्त्रींनी हे मला थापी उलटी धरून, शेजारच्या एका भिंतीवर टकटक करून ऐकवले. पोकळ भिंतीचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

माझा एक चुलतभाऊ गेली काही वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. फोनवर त्याला ही हकिगत सांगितली तेव्हा तो म्हणाला की त्यांच्याकडेही याच खर्चाची चर्चा चालू आहे. तिथली बरीचशी घरे लाकडी सांगाड्याची. त्या सांगाड्याला बाहेरून पट्ट्यांचे आवरण असते, त्याला ते 'साइडिंग' म्हणतात. पूर्वी ते लाकडाचे असे, आता पुष्कळदा प्लास्टिकच्या जातीचे. जुने झाले की उतरवून नवे चढवतात. मला त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटली. त्या पट्ट्या पाणी पूर्णपणे अडवतील असे कोणी गृहीतच धरत नाही. पाणी थोडेफार आत जाणार हे मानूनच पट्ट्यांमागे पाणी झिरपू न देणारा एक पदर लावतात आणि आलेले पाणी खाली निथळून बाहेर जाईल अशी वाट ठेवतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी ओसरीला माडाचे झाप बांधतात, तेही याच समजुतीचे. झाप पावसाचा मारा अंगावर घेतात, वारा मोकळा ठेवतात आणि दिवाळीच्या सुमारास काढून टाकले जातात. बाहेरचे आवरण झिजण्यासाठीच असते आणि ते झिजले म्हणजे आतले शाबूत राहते, हे तत्त्व माडाच्या मुलखापासून हिमवृष्टीच्या मुलखापर्यंत सारखेच आहे. आमच्या आजोबांची मातीची भिंत बाहेरून दर वर्षी लिंपली जाई, त्याचाही अर्थ हाच.

तरीही पुतण्याचे 'पाडा' हे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जित करून लोक घरी येऊन झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर; जगात इतरत्र एवढ्या धक्क्यात इतकी माणसे सहसा मरत नाहीत. तिथे माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरची कित्येक टन माती अंगावर आल्यामुळे. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये मातीची भर. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसताच पदर सुटले. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, अशाने पिढ्यान्‌पिढ्यांचा भार डोक्यावर साचत गेला होता. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती मात्र ढासळल्या, असेही दिसले. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. आमच्याकडे घर पडले नव्हते; पण त्या वर्षी गावातली माणसे कित्येक रात्री अंगणात झोपली आणि माळवदाकडे बघण्याची आमची नजर कायमची बदलली. साहित्यात माळवदाविषयी जो गहिवर येतो त्यात हे वजन क्वचितच धरलेले असते.

दुसरा प्रश्न शब्दांचा आहे आणि तो मला, व्यवसायामुळे असेल, अधिक टोचतो. सरकारी दफ्तरात मातीच्या भिंतीचे घर म्हणजे 'कच्चे' घर. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थी ठरवताना बेघर कुटुंबांबरोबर कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेल्यांचा विचार होतो. सपाट प्रदेशात घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. गरिबाला घर मिळावे हा हेतू रास्तच आहे. पण 'कच्चे' हा शब्द फळाला, मडक्याला, मनुष्याच्या अभ्यासाला आपण लावतो तेव्हा त्यात 'अजून पुरे न झालेले' असा अर्थ असतो. पाऊणशे पावसाळे काढलेली भिंत कच्ची आणि चार वर्षांत तडकलेला स्लॅब पक्का, ही व्यवस्था भाषेने निमूटपणे मान्य केली. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. तिथल्या बापूकुटीच्या भिंती मातीच्याच आहेत आणि आजही मातीनेच राखल्या जातात. तिला कोणी कच्चे घर म्हणत नाही. माती तीच, राहणारा कोण, त्यावर विशेषण ठरते.

सिमेंटची प्रतिष्ठा आमच्याकडे एवढी का वाढली याला इतिहासही आहे. १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे नियंत्रण उठेपर्यंत सिमेंट परवान्यावर मिळे. त्याच्या वाटपावरच्या आरोपांमुळे महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्याला १९८२ मध्ये पद सोडावे लागले, इतका तो पदार्थ दुर्मीळ होता. परवान्याने मिळणाऱ्या वस्तूला जो मान येतो तो ती मुबलक झाल्यावरही काही पिढ्या टिकतो.

मात्र या मानाला एक वेगळी, अधिक गंभीर बाजू आहे. 'गावकूस' हा शब्द मराठी समीक्षेत आपण सारखा वापरतो. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. पांढरीच्या घरांविषयी जिव्हाळ्याने बोलणारे आम्ही बहुतेक त्या कुसाच्या आतले. बाहेरच्यांच्या वाट्याला पांढरीवरचे खण नव्हते. कुडाची, पाचटाची खोपटी होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाल्यानंतर या भागात दलितवस्त्यांतली घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ज्याचे घर एकदा पेटवले गेले आहे त्याला सिमेंटची भिंत का हवी, हे त्याला विचारण्याचा अधिकार मला नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहतात. उचल घेऊन, पुढच्या हंगामाचे श्रम गहाण टाकून ती गावात दोन खोल्यांचा स्लॅब टाकतात. त्या भिंतीला 'निसर्गविरोधी' म्हणणे म्हणजे भरल्या पोटी उपासाचे माहात्म्य सांगणे होय. मातीच्या घराची थोरवी सांगणाऱ्या लेखनाने हा हिशेब आधी मांडावा आणि मग थोरवी सांगावी, असे मला वाटते.

आईचे मत मला माघ महिन्यात कळले. पश्चिमेच्या भिंतीचा सुटलेला भाग मिस्त्रींनी खरवडून काढला, तेव्हा आत एकावर एक असे लेपाचे पातळ थर दिसले, कागदाच्या चवडीसारखे. एका थरावर बोटांच्या अर्धगोल रेषा स्वच्छ उमटलेल्या होत्या. मी त्यांवरून हात फिरवत उभा होतो. आई म्हणाली, "बोटं कशाची बघतो बाबा? त्या बोटांला भेगा पडल्या व्हत्या, त्या दिसतेत का त्यात?" आणि थोड्या वेळाने, "तुला माती आवडती, कारण तुला ती कालवावी लागली न्हाई. मला पुरं झालं."

हे उत्तर कोणत्याही वास्तुशास्त्रापेक्षा वजनदार होते. लिंपण्यासाठी पांढरी खणून डोक्यावरून आणायची, त्यात भुसा आणि शेण घालून आठवडाभर मुरवायची, पायांनी तुडवायची, आणि शिडीवर चढून हाताने फासायची. हे काम आमच्या घरात पुरुषाने कधी केले नाही. माळवद चोपणे पुरुषांचे, भिंती बायकांच्या. रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची 'पाचोळा' ही कादंबरी मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना आवर्जून सांगतो की शिंप्याच्या घराची पडझड तिथे त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली आहे, म्हणून ती तशी उतरली आहे. घर ओसरीवर बसून पाहिले तर एक दिसते, चुलीपाशी बसून पाहिले तर दुसरे. आमच्या ग्रामीण साहित्यातली बरीचशी माळवदे ओसरीवरून पाहिलेली आहेत.

तेव्हा प्रश्न नव्याने मांडावा लागला: भिंतीचा श्वासही बंद होऊ नये आणि घरातल्या कोणत्याही बाईला दर वर्षी शिडीवर चढावे लागू नये. मिस्त्री आणि मी यावर बसलो आणि असे दिसले की बाहेरच्या लेपाचा विचार क्रमाने तिसरा यायला हवा.

पहिला विचार पाण्याचा. गावातला सिमेंट रस्ता दर वेळी जुन्यावरच नवा थर देऊन होतो. त्यामुळे तो आमच्या जोत्याच्या जवळपास आला आहे. पूर्वी घरातले पाणी रस्त्याकडे जाई, आता रस्त्याचे घराकडे येते. भिंत वरून जेवढी भिजली त्याहून ती खालून अधिक भिजली होती. म्हणून भिंतीच्या पायाशी चर खणून त्यात दगडगोटे भरायचे, उतार परसाकडे काढायचा आणि मोडके पन्हाळ बदलून माळवदाचे पाणी भिंतीपासून दूर पडेल असे करायचे. दुसरा विचार भाराचा. माळवदावरची माती उतरवून लाकूड तपासायचे, किडलेली तुळई बदलायची आणि वर मातीऐवजी उतरता पत्रा घालायचा, भिंतीबाहेर दोन हात पुढे काढलेला, म्हणजे पश्चिमेचा पाऊस भिंतीला थेट लागणार नाही. उन्हाळ्यात पत्रा तापणार. म्हणून खाली तुराट्यांचा पदर आणि मातीचा अगदी पातळ थर ठेवायचा. भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी लाकडी पट्टा बांधून कोपरे एकमेकांना जखडायचे. किल्लारीने शिकवलेला हा धडा या घराने आजवर गिरवला नव्हता.

आणि मग लेप. तो चुन्याचा. पांढरीची चाळलेली माती, वाळू आणि भिजवून मुरवलेला कळीचा चुना यांचा गिलावा मातीला धरून राहतो, ओल बाहेर सोडतो, आणि वर चुन्याचे हात दिले की काही वर्षे त्याच्याकडे बघावे लागत नाही. त्यानंतर जे डागडुजीचे काम निघेल ते मजुरी देऊन गवंड्याकडून करून घ्यायचे, हे दादाने आईसमोर कबूल केले. खर्च सिमेंटपेक्षा कमी येणार नाही. चुना मळणारे हात कमी उरले आहेत आणि त्यांची मजुरी द्यावी लागेल. आईचे श्रम फुकट होते म्हणून मातीची भिंत स्वस्त होती, हे या निमित्ताने कागदावर आकड्यांत दिसले. टाइल्स मात्र दादाला हव्या होत्या. त्या न्हाणीच्या बाहेरच्या नव्या विटांच्या भिंतीला लागतील. तिथे त्या योग्यच आहेत.

आता अडचण वेळेची. गावात मनुष्यबळ असते ते ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर, म्हणजे पाडव्याच्या पुढेमागे. पण तेव्हा पाणी नसते. चुन्याच्या गिलाव्याला पंधरा-वीस दिवस ओलावा लागतो आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो तासाभरात वाळून तडकतो. दिवाळीनंतर पाणी असते, ऊन सोसण्यासारखे असते, पण माणसे कारखान्यांच्या तळांवर गेलेली असतात. मराठवाड्यात घर बांधण्याचे पंचांग असे पाणी आणि माणसे यांच्या चुकामुकीचे आहे. आम्ही काम दोन भागांत वाटले: माळवद उतरवणे, पत्रा आणि चर मृगाच्या आत, लेप दिवाळीनंतर, मिस्त्री आणि त्यांची दोन मुले यांच्या बळावर. मधला पावसाळा पश्चिमेची भिंत पुढे आलेल्या पत्र्याखाली आणि तुराट्यांच्या तट्ट्याआड काढील.

माळवदावरून उतरलेली माती कुठे टाकायची, हे विचारायला पुतण्या परवा आला होता. ट्रॅक्टरने नेऊन गावाबाहेर टाकावी, असे त्याचे मत. मिस्त्रींनी ती परसात एका बाजूला ढीग करून, पाऊस लागणार नाही अशी झाकून ठेवायला सांगितली आहे. लेपाला तीच लागेल.